खड्ड्यावरून पोर ओळखणारा

काशीदा, मी अकरा दिवस तुझ्याशी बोललो नव्हतो. एकाच खोलीत, तुझी खाट खिडकीशी, माझी दाराशी, मध्ये चार पावलं. तू रोज सकाळी "उठ रे, पाणी जाईल" म्हणायचास आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचो. बाराव्या दिवशीही तू तेच म्हणालास. मी ऐकलं. तू बाहेर गेल्यावर उठलो, आणि तू भेटू नयेस म्हणून मेसमध्ये न जाता पहिल्या गाडीने ऑफिसला निघून गेलो.

तू मेसमध्ये गेलास. चहात खुब्जच्या रोटीचा तुकडा बुडवलास आणि बाकावरून खाली आलास. एवढंच. बहरीनमधल्या सलमाबादच्या कामगार-कॅम्पच्या त्या पत्र्याच्या मेसमध्ये चाळीस माणसं जेवत होती, आणि तू कधी पडलास ते दोघांनाच दिसलं म्हणतात.

नऊच्या सुमारास इब्राहिमभाई ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले. सामानाच्या गोदामाचे कारकून, दापोलीकडचे, तुझे बारा वर्षांचे सोबती. ते कधी दारात उभे राहत नाहीत, थेट आत येऊन टेबलावर बसतात.

"काशीला हॉस्पिटलात नेला," ते म्हणाले. मग त्यांनी खुर्चीची पाठ धरली. "नाही. खोटं कशाला सांगू तुला. मेसमध्येच गेला तो."

मी तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या हजेरीची यादी टाइप करत होतो. तुझं नाव टाइप करून झालं होतं. साहेबाला यादी दहाच्या आत लागते. मी कागद मशीनमधून काढला, नवा घातला आणि तुझ्या नावाशिवाय ती यादी पहिल्यापासून टाइप केली. एकही चूक झाली नाही. माझी बोटं त्या वेळी कशी चालली, काशीदा, ते मला अजून कळलेलं नाही. इब्राहिमभाई माझ्याकडे बघत होते. त्यांनाही ते कळलेलं नसावं.

डॉक्टर म्हणाले, हृदय. वय त्रेचाळीस. ईदपासून तुझ्या छातीत दुखत होतं हे इब्राहिमभाईंना माहीत होतं, मला नव्हतं. तू मला सांगितलं नाहीस. कधी सांगणार होतास? मी ऐकत कुठे होतो?

तुला माहीत आहे, मी पत्रकांवर वाढलो. माझे वडील चिपळूणला छापखान्यात खिळे जुळवायचे. युनियनची पत्रकं रात्रंदिवस छापली जायची आणि चुकलेले कागद आमच्या घरी पाटीच्या जागी वापरले जायचे. मला 'धिक्कार' लिहिता येऊ लागलं तेव्हा माझं आडनाव मला नीट लिहिता येत नव्हतं. हे मी तुला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, आणि तू हसून माझं नावच 'पत्रक' ठेवलंस. "काय म्हणतंय पत्रक आज? कोणाचा निषेध?" सगळ्या कॅम्पने ते उचललं. मी चिडायचो. आता कोणी तसं हाक मारत नाही. तू गेल्यापासून मला सगळे नावाने बोलावतात.

महिन्याभरापूर्वीचा मी असतो तर लिहिलं असतं की कंपनीने तुझा बळी घेतला. वाक्य तयार आहे, माझ्या हाताला त्याची सवय आहे. पण ते खरं आहे का हे मला माहीत नाही. तू भर दुपारी बारा ते तीन उघड्या मैदानावर बारा उन्हाळे काम केलंस, हे खरं आहे. तू सावलीत, चहा पिताना गेलास, हेही खरं आहे. पत्रकात या दोन्ही गोष्टी एकत्र बसत नाहीत.

तुझ्या कामाबद्दल तुझ्या गावात कोणाला नीट माहीत नसेल. वहिनींना मी पत्र लिहायला घेतलं तेव्हा हे लक्षात आलं. त्यांना एवढंच ठाऊक, की तू अमेरिकन साहेबांच्या वसाहतीत बागकाम करतोस. बागकाम नव्हे. त्या वसाहतीच्या मैदानावर साहेबांची मुलं बेसबॉल खेळतात. त्या खेळात चेंडू टाकणारा पळत येत नाही. मैदानाच्या मधोमध मातीचा वीतभर उंच, गोल उंचवटा असतो, त्यावर उभा राहून तो टाकतो. तो उंचवटा तुझा. तू त्याला चौथरा म्हणायचास.

पहिला चौथरा तू कसा केलास ती गोष्ट मी आलो त्याच्या खूप आधीची, पण ती मी तुझ्या तोंडून आणि इब्राहिमभाईंच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की मी तिथे होतो असं वाटतं. तू नवा होतास. कोचने इब्राहिमभाईंना समजावलं, त्यांनी तुला समजावलं: मातीचा उंचवटा, घट्ट, सपाट. संगमेश्वरच्या माणसाला घट्ट आणि सपाट म्हटल्यावर एकच वस्तू डोळ्यांपुढे येते. दिवाळीआधी दारातल्या अंगणाचं खळं करतात, तसं तू केलंस. 'आली' नावाच्या गावच्या कुंभारांकडून माती आणलीस. आधी ढेकूळ बोटांत चुरून बघितलंस आणि म्हातारा कुंभार काही विचारायच्या आत त्याला अर्ध्या अरबीत म्हणालास, "मफी दगड?", दगड नाहीत ना. भिजवलीस, तुडवलीस, लाकडी चोपणं स्वतः तासून चार दिवस चोपलीस. आणि शेवटी, खळं पुरं कसं होणार सारवल्याशिवाय, म्हणून बुदैयाच्या बाजूच्या एका शेतावरून दोन डबे शेण आणून सारवलंस.

खेळाच्या दिवशी पोरं पांढऱ्या कपड्यात आली. बुटाखाली खिळे. पहिल्या पोराने चेंडू टाकायला पाय पुढे टाकला आणि तो सरळ घसरून पोटावर पडला. दुसराही पडला. त्यांच्या आया धावत आल्या. एकीने पोराच्या सदऱ्याचा वास घेतला.

कोचने इब्राहिमभाईंना विचारलं, हे काय आहे.

"शेण," इब्राहिमभाई म्हणाले. इंग्रजी शब्द त्यांना ठाऊक होता, पण तोंडातून निघेना.

तू मात्र ताठ उभा होतास. "सांगा त्यांना, खिळ्यांचे बूट घालून नाचले तरी खड्डा नाय पडायचा."

"काशी," इब्राहिमभाई म्हणाले, "ते म्हणतायत, खड्डा पडायलाच पाहिजे. नाहीतर पोराचा पाय रोवला जात नाही."

"पडायला पाहिजे? मग मी काय करायचं?"

"रोज बुजवायचा."

हे सांगताना तू दर वेळी इथे थांबायचास आणि म्हणायचास, "बारा वर्षांची नोकरी माझी त्या एका शब्दात लागली बघ."

आणि रोज खड्डे बुजवता बुजवता तुला ते वाचता यायला लागले. हे मी स्वतः पाहिलंय. सामना संपल्यावर तू चपला काढून चौथऱ्यावर चढायचास, उकिडवा बसून खड्ड्यात दोन बोटं घालायचास आणि सांगायचास की आज कोणी किती वेळ टाकलं, कोण दमला होता, कोणाचा गुडघा दुखतोय. कोचच्या वहीत बघितलं की तसंच असायचं. डॅनी नावाचा एक पोरगा तेरा वर्षांचा होता तेव्हा, मी यायच्या आधी, तू म्हणाला होतास, "हा लांब जाणार. याचा पाय पन्नास वेळा टाकला तरी एकाच जागी पडतो. खड्डा केवढा, तर वाटीएवढा." दुसऱ्या एकाबद्दल म्हणालास, "हा चेंडू नाय फेकत, अंग फेकतो. खड्डा लांबत चाललाय. याला दुसरं कायतरी द्या फेकायला." कोच तेव्हा हसला. पण पुढच्या वर्षी त्याने त्या पोराच्या हातात भाला दिला.

डॅनी अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल स्पर्धेत पोचला. भालेवाला त्याच्या देशाच्या संघात गेला. तिसरा एक पोरगा त्यांच्याकडचा तो हातात धरून पळायचा फुटबॉल मोठ्या संघातून खेळतो. मैदानाच्या फाटकाशी एक हिरवा फळा लागला, वर सोनेरी अक्षरात 'इथून पुढे गेलेले', खाली तीन नावं. त्यातली दोन तू खड्ड्यावरून ओळखली होतीस. फळ्याखालचं गवत तू कापायचास.

एकदा कोचच्या घरून रद्दीत आलेलं एक मासिक मी खोलीवर आणलं. डॅनीचा पानभर फोटो. पहिला चेंडू टाकण्याआधी तो वाकून चौथऱ्याला हात लावतोय आणि हात कपाळाकडे नेतोय. खाली लिहिलं होतं, ही त्याची लहानपणापासूनची विचित्र सवय. मी तुला ते वाचून दाखवलं आणि पेटलोच. म्हटलं, काशीदा, ही तुझी सवय आहे, चौथऱ्यावर चढताना तू करतोस. त्यांनी तुझी माती घेतली, तुझी पारख घेतली, आता नमस्कारसुद्धा चोरला, आणि तुझं नाव कुठे नाही.

तू फोटो उजेडात धरलास. मग म्हणालास, "नमस्कार चोरता येतो होय रे?"

  मी तेवढ्यावर थांबलो नाही, हे तुला ठाऊक आहे.

या मे महिन्यात मोसमाच्या शेवटच्या सामन्याला फळ्यावरचे तिघेही यायचे ठरले. डॅनीचा खांदा दुखावला होता, तो या वर्षी खेळत नव्हता आणि आईवडिलांकडे आला होता. मी आपल्या कंपनीच्या मशीनवर एक इंग्रजी निवेदन टाइप केलं. मागण्या दोन. एक: उन्हाळ्यात मैदानावरच्या कामगारांना दुपारी बारा ते तीन सुट्टी. दोन: ज्या माणसाने चौथरा केला त्याचं नाव फळ्यावर. आणि सामन्याआधीचे दोन दिवस, हे मान्य होईपर्यंत, मैदानाला कोणी हात लावायचा नाही. मैदानावरचे आठही जण कबूल झाले. तू नववा. तू फक्त ऐकत होतास.

"तुला परत पाठवतील," तू म्हणालास.

"पाठवू देत."

"आणि चौथरा? परवा पोरं खेळणार त्याच्यावर. भेगा गेल्यात."

"जाऊ देत भेगा. तेच तर हत्यार आहे आपलं. काम थांबवणं."

"तुझं असेल. माझं काम माझं हत्यार नाय रे, माझं काम हाय. मोडका चौथरा ठेवला तर नाक कोणाचं कापलं जाईल? बघणारा म्हणेल, काशीला येत नाय."

मी म्हटलं, उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी पहाटे तू चोपणं घेऊन मैदानावर गेलास आणि एकट्याने तो चौथरा नवा केलास. दुपारपर्यंत बाकीचे आठही कामावर गेले. काशीदा जातोय तर आम्ही कोण, म्हणाले.

संध्याकाळी मेसमध्ये, सगळ्यांच्या देखत, मी ते निवेदन तुझ्या ताटाशेजारी फेकलं. म्हटलं, "घे, सारवायला वापर. गुलाम आहेस तू. जन्माचा गुलाम."

तू घास खाली ठेवलास. "जेवलास का रे?" एवढंच विचारलंस.

मी जेवलो नव्हतो. सांगितलंही नाही. तिथून अकरा दिवस मोजायचे.

सामन्याला मी गेलो नाही. खोलीवर पडून राहिलो आणि मनातल्या मनात तुझ्याविरुद्ध पानंच्या पानं लिहिली. त्यातलं एक वाक्य फार चांगलं जमलं होतं. 

तुला मुहर्रकच्या विमानतळावर मालाच्या विमानात चढवण्याआधी बाहेर आम्ही सहा-सात जण उभे होतो. मनामाच्या देवळातून तुळस इब्राहिमभाईंनी आणली होती, रुमालात बांधून. त्यांना ती कुठे ठेवायची माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. माझ्या घरी देवधर्म नव्हता. शेवटी राजापूरच्या एका ड्रायव्हरने ती तुझ्या ओठांवर ठेवली. मी तुझ्या पायांकडे उभा होतो. मी काहीतरी म्हणावं म्हणून सगळे थांबले होते, बोलणारा म्हणून कॅम्पमध्ये मीच. मी रुमालाची घडी करून इब्राहिमभाईंना परत दिली.

चार दिवसांनी कोच आमच्या ऑफिसात आला. मला वाटलं, मशीन कोणी वापरलं ते कळलं. त्याने माझ्यापुढे घडी घातलेला कागद ठेवला आणि विचारलं, काशीच्या नावाचं स्पेलिंग काय? फळ्याखाली पितळी पट्टी लावायची आहे.

तो कागद माझं निवेदन होतं. कडेला तुझ्या मेसच्या आमटीचा डाग. दुसऱ्या मागणीवर, तुझ्या नावाच्या मागणीवर, बॉलपेनने आडवी रेघ मारलेली, एकदा नव्हे, तीनदा, कागद फाटेस्तोवर. पहिली मागणी तशीच. आणि अगदी खाली, मी जिथे 'समस्त कामगार' असं टाइप केलं होतं, त्याच्या शेजारी देवनागरीत, पाटीवर लिहितात तसं मोठं, एकेक अक्षर सुटं: काशिनाथ. त्यापुढे तुझा कॅम्पचा नंबर.

"हा शब्द काय आहे?" कोचने विचारलं.

"त्याचं नाव."

मी इब्राहिमभाईंकडे गेलो. ते गोदामात पाइप मोजत होते.

"तुला ठाऊक नाही?" ते म्हणाले. "खरंच नाही? मला वाटलं, तुम्ही दोघांनी ठरवून नाटक केलं."

मग त्यांनी सांगितलं. सामन्याचे मानाचे पहिले काही चेंडू डॅनीने दुखऱ्या खांद्यानेच टाकले होते; सामना झाल्यावर तो तुला शोधत गोदामामागे आला. मजुरांनी समोर दिसायचं नाही असा त्या दिवशी हुकूम होता, म्हणून तू तिथे गोणीवर बसला होतास. तो तुझ्याशेजारी जमिनीवर बसला. तू त्याला खांद्याचं विचारलं नाहीस. म्हणालास, "याला सांगा, खांदा नाय, पाय. आज खड्डा बघितला मी याचा. पाय आखूड पडतोय. खांदा मग ओढला जातो." इब्राहिमभाईंनी इंग्रजीत सांगितलं. तो पोरगा, मासिकात पानभर फोटो येणारा, तोंडावर हात धरून बसला. डॉक्टर सहा महिने खांदाच बघत होते म्हणे. कोच मागे उभा होता. तेव्हा तू खिशातून कागद काढलास आणि त्याच्या हातात दिलास.

"काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"म्हणाला, काम झालं. चौथरा बघितलात ना? मग आता हे वाचा."

"आणि मला का नाही सांगितलं?"

इब्राहिमभाईंनी पाइप खाली ठेवला. "मी बोललो त्याला, पोराला सांग. तर म्हणाला, बोलायला लागला की सांगतो. यल्ला, जाऊ दे, आज ना उद्या बोलेल."

काशीदा, माझ्या वडिलांनी मला शिकवलं होतं की पत्रकाखाली माणसाचं नाव घालत नाहीत. ते संघटनेचं असतं, सगळ्यांचं असतं. हे खरं आहे. पण ते निवेदन टाइप करताना मी 'समस्त कामगार' लिहिलं ते या तत्त्वामुळे नव्हे. माझा पासपोर्ट साहेबाच्या कपाटात आहे, व्हिसाला अजून दीड वर्ष आहे, आणि मला भीती वाटत होती. मी त्या दोन शब्दांमागे बसलो होतो. तुझी भीती कुठे होती? दोन मुली, वहिनी, अर्धवट घर. तू नाव घातलंस, नंबरही घातलास, शोधायचा त्रास नको म्हणून. आणि मग खोलीवर येऊन माझ्या पाठीला "उठ रे" म्हणत राहिलास.

गुलाम कोण होता, हे मी आता लिहिणार नाही. तो शब्द मागे घेतो असंही लिहिणार नाही. ज्याच्याकडून परत घ्यायचा तोच नाही.

आपलं भांडण मात्र संपलेलं नाही. काम थांबवणं हे हत्यार आहे असं मला अजून वाटतं. तुझ्यासारखा माणूस हजारात एक असतो, आणि बाकीच्या नऊशे नव्याण्णवांना खड्डा वाचता येत नाही म्हणून त्यांनी उन्हात मरायचं का, हे मी तुला विचारलं असतं. तू काहीतरी एक वाक्य टाकलं असतंस आणि मी रात्रभर त्याला उत्तर शोधलं असतं. आता मला दोन्ही बाजू एकट्याने बोलाव्या लागतात आणि तुझी मला नीट जमत नाही.

कोचला मी स्पेलिंग दिलं नाही. त्याला कागद दाखवून म्हटलं, हे त्याने स्वतःच्या हाताने खोडलंय, आणि हे ठेवलंय. ठेवलेलं आधी करा. तो वाईट माणूस नाही. तो म्हणाला, मी वर बोललोय, माझ्या हातात नाही. मी म्हटलं, मग पट्टीही थांबू दे.

काल मी नवं निवेदन टाइप केलं. मागणी एकच, बारा ते तीन. खाली 'समस्त' नाही. मैदानावरच्या आठांपैकी सहा जणांनी सही केली आहे, दोघे विचार करतायत, त्यांना मी काही बोललो नाही. इब्राहिमभाईंचं मैदानावर काम नाही, तरी त्यांनी केली. मी स्वतः जाऊन साहेबाच्या टेबलावर ठेवलं. त्याने उद्या सकाळी बोलावलंय आणि येताना हजेरीचं रजिस्टर घेऊन ये म्हणालाय. का, ते सांगितलेलं नाही.

सगळ्यात वरची सही माझी आहे. थोडी वाकडी आली आहे. पण नाव वाचता येतं.